पाचवा पाय

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या नातीला शाळेने एक गृहपाठ दिला होता. दोन किंवा अधिक प्राण्यांचे अवयव एकत्र करून वाळवंटात राहू शकेल असा एक काल्पनिक प्राणी काढावा, त्याला नाव द्यावे आणि त्याच्याविषयी दहा ओळी लिहाव्यात, असा तो गृहपाठ. दुपारभर ओटीवर पालथी पडून तिने तो प्राणी काढला. वशिंड उंटाचे, कान हत्तीचे, पाठ कासवाची आणि शेपटी घोरपडीची. अंगावर केस मात्र एकही नाही. कारण विचारले तर म्हणाली, “आबा, केस असले तर त्याला उकडेल ना!” नाव ठेवले ‘उंटकास’. दहा ओळींपैकी नऊ भराभर लिहून झाल्या आणि दहावीपाशी ती अडली. पेन्सिल दाताखाली धरून तिने मला विचारले, “आबा, ह्याला रात्री बांधायचं कुठे? आणि बांधायचं कोणी?”

मी तिला काहीतरी उत्तर दिले. काय ते आता आठवतही नाही. प्रश्न मात्र राहिला. आपल्या त्रैमासिकासाठी ह्या खेपेस काही लिहावे असे ठरवून बसलो, तेव्हा मनात दुसरे काही येईना.

प्राण्यांची अशी बेरीज करण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. जिराफ प्रथम पाहिला तेव्हा माणसांना तो एक प्राणी वाटलाच नाही. फारसीत त्याला नाव पडले ‘शुतुरगावपलंग’, म्हणजे उंट, गाय आणि बिबळ्या ह्यांचा मिळून झालेला. ग्रीकांनी त्याच्यात उंट आणि बिबळ्या पाहिला, आणि त्यांचे ते ‘कामेलोपार्दालिस’ जिराफाच्या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझने प्राण्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात जिराफ म्हणजे अनेक जनावरांच्या संकराचे फळ ह्या समजुतीची दखल घेऊन त्याने तिच्यावर शंका घेतली आहे. अपरिचित असे काही दिसले की त्याचे परिचित तुकडे करावेत आणि ते मोजावेत, म्हणजे मनाला स्वस्थता लाभते. शहामृगालाही फारसीत ‘शुतुरमुर्ग’ म्हणजे उंटपक्षी म्हणतात. वाळवंटातल्या माणसाजवळ मोजमापाला उंटच होता, त्याला तो तरी काय करणार!

परंतु वाळवंटाशी जमवून घेणे ही बेरीज नव्हे, हे उंटाकडे नीट पाहिले की कळते. १९५०च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन ह्या शास्त्रज्ञाने अल्जीरियाच्या सहारात राहून उंटाच्या शरीराचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाच्या अंगाचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांपर्यंत चढते. आपल्याला तो ताप ठरेल. उंट तेवढा ताप मुकाट्याने सोसतो, त्यामुळे त्याला घामावर पाणी खर्चावे लागत नाही. वशिंडात पाणी नसते, चरबी असते. ती एके ठिकाणी साठल्यामुळे उरलेल्या अंगातून उष्णता सहज बाहेर पडते. शरीरातले पाणी वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके घटले तरी तो उभा राहतो आणि पाणी मिळताच दहा मिनिटांत शंभर लिटरांपर्यंत पिऊ शकतो. आणि केसांविषयी म्हणाल, तर उंटाची लोकर कातरून पाहिली तेव्हा त्याच्या अंगातून घामावाटे जाणारे पाणी सुमारे दीडपट झाले. म्हणजे नातीने ज्या केसांना उकाड्याचे कारण समजून खोडून टाकले, तेच त्याचे छप्पर होते. मी तिला हे सांगितले तेव्हा तिने उंटकासाला थोडे केस काढले, पण नाखुशीने.

मुद्दा असा की उंटाचा कोणताही एक अवयव वाळवंटाला पुरा पडत नाही. सगळा उंट पुरा पडतो, आणि तोही लक्षावधी वर्षांच्या चुकांनंतर. उंटाचे कुळ मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथून काही शाखा आशियात आल्या, काही दक्षिण अमेरिकेत उतरल्या. आशियात आलेल्यांचे उंट झाले, अँडीज पर्वतात राहिलेल्यांचे ग्वानाको आणि लामा. ह्या दोन भावकींचा वियोग होऊन एक कोटीहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात त्यांना एकमेकांची आठवण येण्याचे कारण नव्हते. ती माणसाने करून दिली.

१४ जानेवारी १९९८ रोजी दुबईच्या उंट-प्रजनन केंद्रात एक पिल्लू जन्मले. बाप एक वशिंडाचा अरबी उंट, आई लामाकुळातली. आईबापांच्या वजनात कित्येक पटींचा फरक असल्याने गर्भधारणा कृत्रिम रेतनानेच करावी लागली. दोन्ही कुळांत गुणसूत्रे ७४च, म्हणून हा मेळ बसू शकला. पिल्लाचे नाव ठेवले रामा, आणि त्याच्या जातीला म्हटले ‘कामा’, म्हणजे कॅमलचा का आणि लामाचा मा. (त्या दिवशी आपल्याकडे संक्रांत होती, आणि आपल्या मंडळींना १४ जानेवारी म्हटले की पानिपत आठवतेच. तिथेही, १७६१ साली, अब्दालीच्या बाजूने उंटांच्या पाठीवर तोफा बसवलेल्या होत्या. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्यांना जंबुरके, सुतरनाळा अशी नावे आहेत. उंटाला आणखी काहीतरी जोडून आपल्या कामाचे नवे जनावर तयार करण्याचा उद्योग असा कोणत्याही एका शतकाचा नाही.)

कामाविषयी अपेक्षा अशी होती की अंगाने तो उंटासारखा दांडगा आणि लोकरीने व स्वभावाने लामासारखा निघावा. निघाला तो असा: कान उंटासारखे आखूड, शेपटी उंटासारखी लांब, पावले लामासारखी दुभंगलेली, आणि वशिंड नाहीच. वाळूत रुतू नये म्हणून उंटाच्या तळपायाला जी रुंद गादी असते ती गेली आणि दुष्काळात पुरावी म्हणून पाठीवर जी शिदोरी असते तीही गेली. उंटकासाप्रमाणेच कागदावर ज्या बेरजेचे उत्तर ठरले होते, ते प्रत्यक्षात वेगळे आले. २००२ साली कामिला नावाची एक मादीही जन्मली. त्याच सुमारास वृत्तपत्रांत आले की रामा आता मोठा झाला असून त्याचा स्वभाव चिडखोर निघाला आहे. सौम्य स्वभावासाठी म्हणून ज्याला जन्माला घातले, त्याच्या चिडखोरपणाची बातमी व्हावी, ह्यात मला थोडे हसू आले आणि पाठोपाठ वाईटही वाटले. तो कशावर चिडत होता हे कोणी लिहिले नव्हते. जगात आपल्या जातीचे जवळपास कोणीच नाही, हे कळण्याइतकी समज जनावराला असते की नाही, मी जाणत नाही.

आमच्या वाचनमंडळातील एका तर्कनिष्ठ स्नेह्यांपुढे मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी मला चांगलेच कोंडीत धरले. त्यांचे म्हणणे असे: “रामावर अन्याय झाला असे तुम्ही म्हणता. कोणावर? तो प्रयोग झाला नसता तर रामा अस्तित्वातच आला नसता. ज्याचे असणेच त्या कृत्यावर अवलंबून, त्याला त्या कृत्याने अपाय झाला असे कसे म्हणता येईल? त्याला एक जन्म मिळाला, चारापाणी मिळाले. तुमची करुणा अनाठायी आहे.”

हा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून मी तो काही दिवस मनात बाळगला. जन्माला घालणे हा अपाय नव्हे, हे मी मान्य करतो. परंतु त्यांच्या म्हणण्यात एक पायरी गाळलेली आहे असे मला वाटते. जन्म देणे हे काही देऊन मोकळे होण्यासारखे दान नव्हे. आपल्या पोटच्या पोराला उद्या कोणी म्हणाले, “तुला जन्म दिला, आता तुझे आमच्याकडे काही घेणे नाही,” तर आपण त्याला काय म्हणू? पोराला जन्म मिळाला हे खरेच आहे, आणि आईबापांवरचे ऋण तिथूनच सुरू होते हेही तितकेच खरे. इतर प्राण्यांना जगण्याची जागा निसर्गाने आधीच नेमून दिलेली असते; त्यांच्या आयांनी ती त्यांना दाखवलेली असते. ज्याला आपण बेतून घडवला, त्याला अशी जागा नसते. ती देणे हे घडवणाऱ्याच्या अंगावर येते. कामाला कुठले कुरण, कुठला कळप? नातीचा दहाव्या ओळीचा प्रश्न तो हाच होता.

ह्या ठिकाणी मला राजस्थान-गुजरातमधील राईका-रबारी लोकांची कथा आठवते. ती अनेक प्रकारांनी सांगतात. पार्वतीला एकदा करमेना, म्हणून तिने मातीचे एक जनावर केले आणि त्याला पाच पाय लावले. मग शंकराला म्हणाली, ह्यात प्राण घाला. शंकर प्रथम तयार होईना; असले बेढब जनावर जगात कसे निभावेल, हा त्याचा आक्षेप. पण पार्वतीच्या हट्टापुढे त्याचे काय चालणार? प्राण घातला, तर पाचव्या पायामुळे त्या जिवाला चालता येईना. तेव्हा शंकराने तो पाय वर दाबून पाठीत ढकलला आणि त्याचे वशिंड झाले. असा उंट झाला. गोष्ट इथे संपली असती तर ती एक गमतीची उत्पत्तिकथा ठरली असती. पण ती पुढे जाते. उंट झाला, आता त्याला सांभाळणार कोण? म्हणून शंकराने आपल्या अंगावरचा मळ काढून त्याचा एक माणूस घडवला. तो पहिला राईका.

ही कथा मी अनेक वेळा मनाशी घोळवली आहे. माणूस हा सृष्टीचा धनी आणि जनावरे त्याच्या उपयोगासाठी, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याची उलटापालट झाल्याचे आधी ध्यानातच येत नाही. इथे जनावर आधी आणि माणूस नंतर, आणि तोही त्या जनावराच्या गरजेपोटी. घडवण्याच्या कामातला हट्ट, त्यातली चूक आणि ती सुधारण्याची खटपट, हे सारे कथेने देवांच्याच पदरी घातले आहे. पार्वतीला कोणी दोष देत नाही. मात्र बेढब का होईना, एकदा जीव घातला की त्याच्या मागोमाग त्याचा सांभाळ करणारा निर्माण करावा लागतो, ही जबाबदारी देवालाही चुकलेली नाही. राईका पिढ्यान्‌पिढ्या सांडणीचे दूध विकत नसत आणि उंट खाटकाला देत नसत, ते आपण कशासाठी घडवले गेलो ह्याचे स्मरण म्हणूनच असावे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकातले एक इराणी लघुचित्र आहे. उंटाची आकृती, पण तिच्या आत माणसे, पशू, राक्षस असे असंख्य जीव एकमेकांत गुंतवून भरलेले. अशी मिश्राकृती चित्रे पुढे मोगल कलमातही आली. मी ते चित्र पुस्तकातच पाहिले आहे. पाहणाऱ्याचे सगळे लक्ष त्या गुंतागुंतीकडे जाते; माझेही गेले होते. उंटाबरोबर त्याचा एक सेवकही काढलेला आहे, हे मला फार उशिरा दिसले.

आता एक गैरसमज होण्याचा संभव आहे. मी संकराविरुद्ध बोलतो आहे, शुद्धतेची बाजू घेतो आहे, असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. बडोद्यात सात पिढ्या काढलेल्या माणसाने शुद्धतेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? पुण्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत मी ‘शाक’ वाढा म्हणालो, तेव्हा वाढपी आणि शेजारचे पाहुणे दोघेही माझ्याकडे पाहतच राहिले. इंदूरच्या मराठीत हिंदी, बेळगावच्या मराठीत कानडी, हैदराबादच्या मराठीत दखनी उतरली आहे आणि त्याबद्दल आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पण आपण आणि कामा ह्यांत एक भेद आहे. आपल्याला कोणी बेतले नव्हते. शेजार, बाजार, लग्नकार्ये आणि दुखवटे ह्यांतून आपण हळूहळू असे होत गेलो, आणि होत असताना आपल्याभोवती माणसे होती. आपल्या वेडेवाकडेपणाला जागा करून देणारे गाव होते.

उंटांतही जुना संकर आहेच. एक वशिंडाचा अरबी उंट आणि दोन वशिंडांचा बाख्त्री उंट ह्यांचा संकर मध्य आशियात आणि तुर्कस्तानात शतकानुशतके होत आला आहे. त्याची पहिली पिढी आईबापांहून थोर आणि बळकट निघते. तिच्या पाठीवर एकच लांबट वशिंड असते. काफिल्यांचे अवजड ओझे ह्या जनावरांनी वाहिले. पण ह्याच संकरित उंटांची आपसांत पैदास केली तर पुढची पिढी कमकुवत होते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव. म्हणून त्यांना दोन्ही मूळ जाती वेगवेगळ्या राखाव्या लागत आणि दरवेळी नव्याने मेळ घालावा लागे. मला ह्यात दिसते ते असे की त्या लोकांना संकराची किंमत ठाऊक होती आणि ती ते स्वतः मोजत. दोन कळप, दोन प्रकारची चराई, दोन्हींची निगा. खेचराची गोष्ट ह्याहून करुण आहे. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रे मिळून त्याला ६३ येतात आणि वंश तिथेच थांबतो. त्याच्या पाठीवर माणसाने डोंगर चढवले, पण त्याच्या मरणानंतर कोणाला हुरहुर लागल्याचे क्वचितच दिसते. माझा आक्षेप असेल तर ह्या विसराळूपणाला आहे, मिश्रणाला नाही.

आणि हा विसर केवळ बेतलेल्या प्राण्यांपुरता उरलेला नाही, हे लिहिताना मला अधिक अस्वस्थ करते. आमच्या बडोद्यापासून फार दूर नसलेल्या भरूच जिल्ह्यात, नर्मदेच्या मुखाशी, आलियाबेट नावाचे बेट आहे. तिथे आणि कच्छच्या किनाऱ्यावर खाराई उंट असतात. हे उंट खाडीच्या पाण्यात पोहत जातात आणि तिवरांची पाने खातात. २०१५ साली त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. पोहणारा उंट हा माझ्या नातीला उंटकासापेक्षा अधिक काल्पनिक वाटला. तिचा त्यावर विश्वास बसेपर्यंत मला बराच वेळ लागला. पण हे उंट एकटे पोहत नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचे फकिराणी जत राखणदार पाण्यात उतरतात. वाळवंट आणि समुद्र ह्या दोन्हींशी जमलेले हे जे काही आहे, ते केवळ उंटाच्या देहात मावत नाही. त्यात माणूस धरावा लागतो, तिवरे धरावी लागतात, भरती-ओहोटीचे ज्ञान धरावे लागते. तिवरे तुटली किंवा पोराने कारखान्यात नोकरी धरली, की उंटाचा देह तसाच राहूनही तो त्या जागेला जुळेनासा होतो.

देशातील उंटांची संख्या २०१२च्या पशुगणनेत सुमारे चार लाख होती. २०१९च्या गणनेत ती अडीच लाखांवर आली. मोटारी आणि ट्रॅक्टर आले, चराईची राने बंद झाली, मुले शहरात गेली. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली त्याच्या कत्तलीवर व राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू चांगला होता ह्यात मला संशय नाही. परंतु नर उंट परराज्यात विकून जो पैसा येई तो थांबला आणि उंट पाळणे परवडत नाही असे पाळणारेच सांगू लागले. उंटाला संरक्षण मिळाले, राईकाला नाही. शंकराने दोघांना एकामागोमाग घडवले होते. कायद्याने त्यांतल्या एकालाच पाहिले. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटकुळाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्यात उंट आणि लामा दोघेही होते. एक कोटी वर्षांपूर्वी दुरावलेल्या भावकीची ही भेट मला दुबईतल्या भेटीपेक्षा बरी वाटली, कारण तिच्यात त्यांना पाळणाऱ्या माणसांचेही नाव घेतले गेले.

सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री नातीने गृहपाठाची वही काढली. पाचव्या पायाची गोष्ट मी तिला तोवर दोनदा सांगून झालो होतो. उंटकासाच्या शेजारी तिने एक बुटका माणूस काढला, त्याच्या एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात बादली. दहाव्या ओळीत लिहिले, ‘ह्याला दगडूकाका सांभाळतात.’ दगडूकाका कोण, असे मी विचारले. “आबा, ते अजून ठरायचंय,” ती म्हणाली. पुढल्या आठवड्यात वही तपासून आली. प्राण्याला दहापैकी आठ गुण होते. माणसाच्या चित्राभोवती लाल शाईने गोल करून बाजूला लिहिले होते, ‘अनावश्यक’.

तिने तो लाल गोल खोडरबराने पुसून पाहिला. शाई काही निघाली नाही. दगडूकाकांची बादली मात्र थोडी पुसट झाली, ती तिने पुन्हा गिरवली.